चकाकीचे मुद्दल

मोटारीच्या रंगावरील बारीक ओरखड्यांचे जाळे घरच्या घरी कसे सौम्य करावे आणि कोठे थांबावे, याविषयी

मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आयुष्यात घरानंतरची सर्वांत मोठी खरेदी बहुधा मोटारीची असते. कर्जाची कागदपत्रे पूर्ण होतात, शोरूमच्या दारात नारळ फुटतो, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक उमटते आणि आरशासारखी लखलखणारी गाडी घरी येते. वर्ष-दीड वर्ष उलटते. गाडीला कोठे पोचा नाही, कोणाचा धक्का नाही, ती रोज पुसली जाते. तरीही एखाद्या संध्याकाळी कलते ऊन टपावर पडते, किंवा तळघरातील पार्किंगचा दिवा बॉनेटमध्ये प्रतिबिंबित होतो आणि त्या प्रकाशाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक, गोलाकार रेघांची नक्षी दिसते. गडद रंगाच्या गाडीवर ती अधिकच उठून दिसते. गॅरेजच्या भाषेत यांनाच ‘स्वर्ल मार्क’ म्हणतात.

हे जाळे घरी, साध्या साधनांनी, बऱ्याच अंशी घालवता येते. त्यासाठी हवी असते थोडी माहिती, रविवारची एक सकाळ आणि बराचसा संयम. मात्र काम सुरू करण्यापूर्वी एक गोष्ट मनाशी पक्की केलेली बरी. ओरखडा ‘पुसला’ जात नाही. त्याच्या भोवतालचा रंगाचा थर घासून त्याच्या पातळीला आणला जातो. म्हणजे प्रत्येक पॉलिश ही रंगाच्या मुद्दलातून काढलेली रक्कम असते, आणि या खात्यात पुन्हा भरणा करण्याची सोय नसते.

वर्तुळे, जी मुळात नसतात

घरातील जुने स्टीलचे ताट दिव्याखाली धरून पाहावे. वर्षानुवर्षे घासून त्याच्यावर असंख्य चरे पडलेले असतात. काही उभे, काही आडवे, काही तिरपे. तरीही दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती मात्र वर्तुळेच दिसतात. ताट हलवले की वर्तुळेही दिव्याबरोबर सरकतात. कारण उघड आहे. जो चरा प्रकाशाच्या दिशेला आडवा असतो, तोच चमकून डोळ्यांपर्यंत प्रकाश पोहोचवतो. बाकीचे अंधारात राहतात. अशा आडव्या चऱ्यांचे तुकडे दिव्याच्या चहूबाजूंनी जुळले, की डोळ्यांना वर्तुळाचा भास होतो.

मोटारीच्या रंगावरही हेच घडते. म्हणून ‘गोल गोल पुसल्यामुळे गोल ओरखडे पडतात’ हा समज अर्धवट खरा आहे. सरळ पुसले, तरी फडक्यात कचकच असेल तर चरे पडणारच, आणि ते दिव्याभोवती गोलच दिसणार. दोष हाताच्या दिशेत कमी आणि फडक्यातील कणांत अधिक असतो.

चेकच्या कागदाएवढी जाडी

आधुनिक मोटारीच्या पत्र्यावर रंगाचे एकाहून अधिक थर असतात. सर्वांत खाली गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंग आणि सर्वांत वर ‘क्लिअर कोट’ नावाचा पारदर्शक थर. हे सारे थर मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. सोप्या शब्दांत, गाडीचा संपूर्ण रंग चेकबुकातील एका कागदाइतकाच जाड असतो. त्यातील क्लिअर कोटचा वाटा सुमारे ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीहूनही कमी.

चकाकी या पारदर्शक थराची असते. उन्हातील अतिनील किरणांपासून खालच्या रंगाचे रक्षण करणारी द्रव्येही याच थरात मिसळलेली असतात. तो फार पातळ झाला, की काही वर्षांनी टपावर आणि बॉनेटवर पांढुरके चट्टे पडतात आणि वरचा पापुद्रा सुटू लागतो. मग पॉलिशचा उपयोग नसतो. तो भाग नव्याने रंगवावा लागतो.

ॲम्बॅसेडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या काळात बहुतेक गाड्यांना हा वेगळा पारदर्शक थर नसे. पॉलिश करताना फडक्याला गाडीचाच रंग लागे आणि मालकाला आपण किती रंग काढतो आहोत हे डोळ्यांनी दिसे. ‘वर्षातून एकदा रबिंग-पॉलिश’ ही सवय त्या काळातली. आज फडक्यावर रंग दिसत नाही, कारण निघतो तो पारदर्शक थर. खर्च होत असतो. पासबुकात नोंद तेवढी दिसत नाही.

हिशेब मांडून पाहावा. हलक्या पॉलिशने साधारण एक-दोन मायक्रॉन जातात. जाड कंपाउंड आणि लोकरीचा पॅड वापरून केलेल्या रबिंगने त्याहून बरेच अधिक. व्यवसायातील सर्वसाधारण संकेत असा, की गाडीच्या सबंध आयुष्यात क्लिअर कोटमधून आठ-दहा मायक्रॉनपेक्षा अधिक काढू नये. काटकसरीने खर्च केला तर तेवढ्यात पाच-सहा हलकी पॉलिशे बसतात. दरवर्षी जोरकस रबिंग करणारा मात्र तीच पुंजी दोन-तीन वर्षांत संपवतो.

लालबागेतला खडक आणि बॉनेटवरची धूळ

बंगळुरूच्या लालबागेत, केंपेगौडांच्या मनोऱ्याखाली जो उघडा खडक पसरला आहे, तो राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून जपला गेला आहे. सुमारे ३०० कोटी वर्षांचा हा ‘पेनिन्सुलर नाइस’ खडक साऱ्या शहराच्या पायाखाली आहे. सकाळी तेथे फिरायला येणाऱ्यांच्या ध्यानी येत नाही, पण हाच खडक त्यांच्या गाडीच्या रंगाशी संबंध राखून असतो.

नाइस आणि ग्रॅनाइट या खडकांत क्वार्ट्झ म्हणजे गारेचे कण भरपूर असतात. खनिजांचे काठिण्य मोजण्याच्या मोह्स श्रेणीत बोटाच्या नखाचे काठिण्य अडीच, चाकूच्या पोलादाचे साडेपाचच्या आसपास, तर क्वार्ट्झचे सात. क्लिअर कोट हा तर राळेचा, प्लास्टिकच्या जातीचा थर. त्याची या कणांपुढे काय कथा! पुण्या-नाशिककडच्या काळ्या बेसाल्टमध्ये क्वार्ट्झ जवळपास नसतो. त्याच्या धुळीतील कण त्यामानाने थोडे मऊ, पण रंगाहून कठीणच. त्यामुळे तिकडून बदली होऊन आलेल्या कुटुंबाने ‘आपल्याकडे तर असेच पुसायचो’ म्हणून निर्धास्त राहू नये.

त्यात बंगळुरूचे बांधकाम अखंड चालू असते. मेट्रोचे खांब, उड्डाणपूल, नव्या वसाहती आणि खोदलेले रस्ते यांची धूळ हवेत असते. नदीच्या वाळूऐवजी आता सर्रास वापरली जाणारी ‘एम-सँड’ म्हणजे खडक भरडूनच केलेली वाळू. तिचे कण नदीत घासून गोल झालेले नसतात. त्यांच्या कडा धारदार असतात. असा कण कोरड्या फडक्याखाली सापडला, की फडके हे फडके राहत नाही, त्याचा पॉलिशपेपर होतो.

म्हणून पहिला नियम सर्वांत सोपा आणि सर्वांत अधिक मोडला जाणारा आहे : धूळ बसलेली गाडी कोरड्या कापडाने किंवा झटकणीने पुसू नये.

पाणी वाचवायचे, रंगही वाचवायचा

मग रोज पाइप सोडून गाडी धुवावी काय? बंगळुरूत तेही शक्य नाही आणि योग्यही नाही. कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटर अंतरावरून, सुमारे ५०० मीटर उंची चढवून या शहरात आणले जाते. २०२४ च्या उन्हाळ्यात टंचाई तीव्र झाली, तेव्हा मार्चमध्ये बंगळुरू पाणीपुरवठा व मलनिस्सारण मंडळाने पिण्याचे पाणी मोटारी धुणे, बागकाम, बांधकाम, कारंजी अशा कामांसाठी वापरण्यास मनाई केली. दंड ५,००० रुपये. पुन्हा नियम मोडल्यास आणखी ५,००० रुपये आणि त्यापुढे दिवसाला ५०० रुपये. फेब्रुवारी २०२५ मध्ये मंडळाने असाच आदेश पुन्हा काढला.

बोअरवेलचे पाणी वापरले तर वेगळी अडचण येते. ते बहुधा जड असते आणि उन्हात वाळताना पांढरे डाग ठेवून जाते. पाणी शुद्ध करणाऱ्या आर.ओ. यंत्रातून बाहेर पडणारे पाणी फरशीसाठी ठीक, पण त्यात क्षार अधिकच एकवटलेले असल्याने ते गाडीसाठी मुळीच वापरू नये. उलट वातानुकूलन यंत्राच्या नळीतून ठिबकणारे पाणी जवळजवळ क्षारविरहित असते. उन्हाळ्यात ते बादलीत साठवले, तर शेवटच्या हाताला उत्तम.

या पेचातून मार्ग काढणारी ‘रिन्सलेस’ धुण्याची पद्धत बंगळुरूसारख्या शहराला विशेष सोयीची आहे. बादलीभर, म्हणजे आठ-दहा लिटर पाण्यात बाटलीवरील प्रमाणानुसार थोडे द्रव मिसळले, की ते पाणी धुळीच्या कणांना वेढून उचलते. प्रथम तेच मिश्रण फवारणीच्या बाटलीने गाडीवर फवारून धूळ भिजू द्यावी. मग भिजलेल्या मायक्रोफायबरच्या कापडाने वरून खाली, एकदाच, दाब न देता पुसत यावे. कापडाची बाजू बदलत जावी. सर्व बाजू मळल्या की नवे कापड घ्यावे. मळलेले कापड पुन्हा त्याच बादलीत बुडवू नये. वेगळे खळबळून धुण्यासाठी दुसरी बादली असावी. वर पाणी ओतण्याची गरज नसते. गाडीवर चिखल थापलेला असेल, तर मात्र ही पद्धत पुरेशी नाही. आधी तो चिखल पाण्याच्या झोताने काढावा लागतो.

आधी परीक्षा, मग उपचार

पॉलिशची बाटली उघडण्यापूर्वी ओरखड्याची जात ओळखावी. धुतलेल्या, कोरड्या रंगावर नख अलगद आडवे फिरवावे. नख अडकले, तर तो चरा खोल आहे. पॉलिशने तो जाणार नाही आणि घालवण्याच्या नादात भोवतालचा थर मात्र संपेल. पांढरट खोल रेघ, खाली दिसणारा प्रायमर किंवा उघडा पत्रा असेल, तर ते काम डेंटिंग-पेंटिंगवाल्याचे. नख सहज सरकले आणि विजेरीच्या प्रकाशात केवळ जाळे दिसले, तरच घरगुती उपचार.

दुसरी परीक्षा स्पर्शाची. हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून धुतलेल्या बॉनेटवरून बोटे फिरवावीत. खरखर लागली, तर रंगात झाडांचा चीक, डांबराचे ठिपके किंवा लोखंडाचे सूक्ष्म कण रुतलेले आहेत. रस्त्याकडेच्या झाडाखाली गाडी उभी करणाऱ्याला हा अनुभव हमखास येतो. यासाठी ‘क्ले बार’ नावाचा मळलेल्या कणकेसारखा गोळा मिळतो. फवारणीचे निसरडे द्रव मारून तो अलगद फिरवला, की रुतलेले कण त्याला चिकटून येतात. गोळा जमिनीवर पडला, तर तो टाकूनच द्यावा; त्याला चिकटलेली खर रंगावर नवे चरे पाडते.

तिसरी चौकशी गाडीच्या इतिहासाची. गाडी जुनी घेतलेली असेल किंवा एखादे दार, मडगार्ड अपघातानंतर रंगवलेले असेल, तर तेथील थर किती जाड आहे याचा भरवसा नसतो. अशा भागाला हात न लावणे शहाणपणाचे.

प्रत्यक्ष काम

साहित्य फार नाही : बारीक दाण्याचे ‘फिनिशिंग’ पॉलिश, स्पंजाचे दोन-तीन मऊ पॅड, मायक्रोफायबरची सहा-सात स्वच्छ कापडे, मास्किंग टेप, विजेरी आणि औषधांच्या दुकानात मिळणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल. बंगळुरूत मोटारीच्या सामानासाठी प्रसिद्ध असलेल्या जे. सी. रोडवर यांतील बहुतेक वस्तू मिळू शकतात. दुकानदार ‘लवकर काम होते’ म्हणून जाड कंपाउंड पुढे करील. ते नम्रपणे परत करावे.

पहिली पायरी, जागा आणि वेळ. काम सावलीत, सकाळी, पत्रा गार असताना करावे. तापलेल्या पत्र्यावर पॉलिश चटकन वाळते आणि नवेच डाग उमटतात.

दुसरी पायरी, टेप. दारांच्या धारा, बॉनेटच्या कडा आणि पत्र्याच्या उठावदार रेषा यांवर रंगाचा थर सर्वांत पातळ असतो. तेथे टेप लावावी. काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्या आणि रबरही झाकावेत, कारण त्यांत शिरलेले पांढरे पॉलिश सहजी निघत नाही.

तिसरी पायरी, नमुना. डिकीच्या कोपऱ्यात, चटकन नजरेस न येणारी वीतभर लांबी-रुंदीची जागा निवडावी. स्पंजावर चण्याएवढे तीन-चार थेंब घ्यावेत. मध्यम दाबाने, आधी उभे मग आडवे, एकमेकांवर थोडे चढणारे सरळ हात पाच-सहा वेळा मारावेत. पॉलिश पातळ, जवळजवळ पारदर्शक झाले की स्वच्छ कापडाने टिपून घ्यावे.

चौथी पायरी, खरी परीक्षा. अनेक पॉलिशांत तेल किंवा चरे बुजवणारी द्रव्ये असतात. त्यांमुळे जाळे तात्पुरते लपते आणि दोन-चार धुण्यांत पुन्हा वर येते. एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तीन भाग पाणी यांचे मिश्रण फवारून ती जागा पुसावी, मग विजेरी धरून पाहावी. आता जे दिसेल तेच खरे. हे अल्कोहोल ज्वालाग्राही असल्याने काम मोकळ्या हवेत करावे आणि जवळपास ज्योत किंवा पेटती सिगारेट नसावी.

पाचवी पायरी, निर्णय. जाळे बरेच फिकट झाले असेल, तर तोच प्रकार बाकी गाडीवर, एका वेळी सुमारे दीड फूट लांबी-रुंदीच्या भागावर करीत जावा. पुरेसा फरक नसेल, तर तीच पायरी आणखी एकदा करावी. अधिक जाड पॉलिशकडे वळण्याची घाई नको. सर्वांत सौम्य उपाय आधी, आणि त्याने भागत असेल तर तेथेच विराम, हा या कामातील सुवर्णनियम आहे.

हाताने काम करताना एका बॉनेटला तास-दीड तास सहज लागतो. म्हणून सारी गाडी एकाच दिवशी संपवण्याचा हट्ट धरू नये. बॉनेट, डिकी आणि डोळ्यांसमोर येणारी दारे आधी घ्यावीत. काही कंपन्यांचा क्लिअर कोट टणक असतो. तेथे हाताने मर्यादितच फरक पडतो, हेही मान्य करावे.

शेवटी संरक्षक थर द्यावा. ब्राझीलमधील कार्नोबा नावाच्या ताडाच्या पानांवरून मिळणारे मेण किंवा रासायनिक ‘सीलंट’, दोन्ही चालतात. मेणाने ओरखडा जात नाही, पण पृष्ठभाग निसरडा होतो आणि पुढच्या वेळी धूळ सहज सुटते. पातळ थर पुरतो. जाड लावला म्हणून अधिक टिकत नाही. असा थर काही महिन्यांनी पुन्हा द्यावा लागतो, पण त्यात मुद्दलाला हात लागत नाही.

यंत्राचा मोह

बाजारात दोन प्रकारची पॉलिश यंत्रे असतात. एकात पॅड केवळ एका आसाभोवती गरगर फिरतो. हे यंत्र जोरकस असते. सराव नसलेल्या हातात ते क्षणात उष्णता निर्माण करते, कडेचा रंग उडवते आणि उन्हात दिसणाऱ्या लाटांसारख्या खुणा ठेवून जाते. दुसऱ्यात, म्हणजे ‘ड्युअल ॲक्शन’ यंत्रात, पॅड फिरतो आणि त्याच वेळी थोडा डोलतोही. अधिक दाब दिला की त्याचे फिरणे मंदावते. हौशी माणसासाठी हेच तुलनेने सुरक्षित. तरी पहिला प्रयोग स्वतःच्या नव्या गाडीवर नव्हे, भंगारातून आणलेल्या एखाद्या मडगार्डवर करावा. ग्राइंडरला स्पंज बसवून पॉलिश करण्याचा उद्योग तर पूर्णपणे टाळावा.

घरगुती युक्त्यांपासूनही सावध राहावे. टूथपेस्ट दात घासण्यासाठी बनलेली असते. तिच्यातील खरीचा दाणा रंगासाठी ठरवलेला नसतो. रॉकेल किंवा खोबरेल तेल लावल्यावर गाडी चमकते ती तेलामुळे, आणि संध्याकाळपर्यंत त्याच तेलावर धुळीचा नवा थर बसतो. भांडी घासण्याची ताराची घासणी बंपरवर चालवणारेही महाभाग असतात. त्यांच्याविषयी न बोललेले बरे.

विमा, कर्ज आणि पुनर्विक्री

बारीक ओरखडे विम्यातून भरून निघतील अशी अनेकांची समजूत असते. सर्वसमावेशक मोटार विम्यात अपघाती नुकसानीची भरपाई मिळते. रोजच्या वापराने होणारी झीज त्यातून वगळलेली असते. पुसण्याने पडलेले जाळे झिजेत मोडते. त्यासाठी दावा करण्यात अर्थ नाही.

विम्यातील गाडीची घोषित किंमतही चकाकीवर ठरत नाही. ती वयानुसार घटते : पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, वर्ष पूर्ण होईपर्यंत १५, दुसऱ्या वर्षात २०, तिसऱ्यात ३०, चौथ्यात ४० आणि पाचव्यात ५० टक्के घसारा धरला जातो. खासगी विक्रीत मात्र ग्राहक कोष्टक पाहत नाही, गाडी पाहतो. एकसारखा, मूळचा रंग असलेली गाडी त्याला विश्वास देते. जागोजागी रंगवलेली गाडी त्याच्या मनात अपघाताची शंका उत्पन्न करते. म्हणूनच चार फिकट रेघांसकट टिकलेला कारखान्याचा मूळ रंग हा अतिपॉलिशमुळे पुन्हा रंगवाव्या लागलेल्या भागापेक्षा अधिक मोलाचा.

कर्ज फिटेपर्यंत मोटार बँकेकडे तारण असते आणि ती सुस्थितीत राखणे ही कर्जदाराची जबाबदारी असते, हे सर्वश्रुत आहे. ओरखड्यांनी तारणाला धोका पोहोचत नाही हे खरे. परंतु हप्ते संपल्यावर, नोंदणी पुस्तकातील बँकेचे नाव कमी झाल्यावर, हाती उरते ती गाडी. तिचे पुढील आयुष्य आधीच्या वर्षांतील निगेवर अवलंबून असते.

पहाटेचे हात

बंगळुरूतील गृहसंकुलांत गाड्या मालक क्वचितच पुसतात. पहाटे, घरे जागी होण्यापूर्वी, एक बादली आणि एक-दोन फडकी घेऊन आलेला माणूस रांगेने गाड्या पुसत जातो. लोक कामावर निघण्याच्या आत त्याला ती सारी रांग संपवायची असते. पहिल्या गाडीच्या चाकावरची खर त्याच फडक्यातून दहाव्या गाडीच्या बॉनेटवर पोहोचते. बादलीतील पाणी बदलायला दर वेळी नळ जवळ नसतो. असला तरी वेळ नसतो.

जाळ्याचे मूळ बहुतेक वेळा येथे असते, पण दोष त्या माणसाचा नव्हे. त्याला मोबदला मिळतो तो गाड्यांच्या संख्येवर, आणि साधने मिळतात ती मालकांच्या घरातून बाद झालेली : जुने बनियन, फाटके पंचे. त्याच्यावर रागावून किंवा त्याचे काम बंद करून रंग वाचत नाही. एका घरची मिळकत तेवढी बुडते. याउलट प्रत्येक मालकाने आपल्या गाडीपुरती मायक्रोफायबरची चार कापडे, चाकांसाठी वेगळ्या रंगाचे एक फडके आणि फवारणीची एक बाटली त्याच्या हाती दिली, तर खर्च एका पॉलिशच्या कामाहून कितीतरी कमी येतो. ‘रोज पुसू नका, एक दिवसाआड पुसा, पण भिजवून पुसा’ एवढे सांगितले, आणि गाडीमागचा मोबदला तोच ठेवला, तर त्याचे श्रम वाचतात, पाणी वाचते आणि रंगही वाचतो. संकुलाच्या सभेत हा विषय एकदा मांडण्यासारखा आहे.

कापडांची निगा घरी राखावी. ती इतर कपड्यांपासून वेगळी, साध्या द्रव साबणाने धुवावीत. कपडे मऊ करणारे द्रव त्यांना लावू नये, कारण त्याने धाग्यांची धूळ धरण्याची शक्ती कमी होते. जमिनीवर पडलेले कापड धुतल्याशिवाय गाडीला लावू नये. पक्ष्यांची वाळलेली विष्ठा खरवडू नये. ओले कापड तिच्यावर पाच मिनिटे ठेवून मग उचलून घ्यावी.

थोडक्यात लक्षात ठेवावे

• नख अडकेल असा चरा पॉलिशने घालवण्याचा प्रयत्न करू नये.
• धुणे, रुतलेले कण काढणे, नमुना, पॉलिश, संरक्षक थर हा क्रम मोडू नये.
• सर्वांत सौम्य पॉलिशने आरंभ करावा; कडा टेपने झाकाव्यात.
• अल्कोहोलच्या मिश्रणाने पुसल्यावर जे दिसते तोच खरा परिणाम मानावा.
• शंभर टक्के निर्दोष रंगाचा हट्ट धरू नये.

या शेवटच्या सूचनेचे महत्त्व सर्वांत अधिक. शंभरातील सत्तर-ऐंशी रेघा सहज जातात. उरलेल्या वीस घालवण्यासाठी जेवढा थर खर्च होतो, तेवढ्यात पुढील कैक वर्षांची सोय झाली असती. त्या वीस रेघा केवळ विजेरीच्या प्रकाशात दिसतात, आणि गाडी कोणी विजेरी लावून चालवीत नाही.

बचतीचे महत्त्व सांगताना ‘थेंबे थेंबे तळे साचे’ असे आपण म्हणतो. मोटारीच्या रंगाच्या बाबतीत तळे पहिल्याच दिवशी भरलेले मिळते आणि नंतर ते थेंबाथेंबाने आटतच जाते. ते अगदी आटू न देणे एवढेच मालकाच्या हाती असते. भिजलेले स्वच्छ कापड आणि हलका हात यांनी ते सहज साधते. मग पॉलिशची बाटली फडताळात वर्षानुवर्षे तशीच राहिली, तरी काही बिघडत नाही.